माफुशीच्या जेट्टीवरून

मुंबई विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानात बाटली घेऊन मालदीवच्या विमानात बसलात, तर तिची सोबत फार तर तीन तासांची. मालेच्या वेलाना विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला, की बाहेर पडण्याआधी सगळं सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. बाटली दिसली की कस्टमचा माणूस ती बाजूला काढून ठेवतो आणि पावती देतो. परतताना पावती दाखवून ती मागता येते. हे सगळं शांतपणे होतं, आवाज चढवण्याचं कारण नसतं. कपड्यांच्या घडीत मात्र बाटली लपवू नका. यंत्राला ती दिसतेच, आणि मग साध्या चुकीची लबाडी होते.

ज्या कायद्याने ही बाटली अडते तो 1975 चा आहे. परवान्याशिवाय दारू आणता येत नाही, डुकराचं मांस आणता येत नाही आणि पूजेच्या मूर्तीही आणता येत नाहीत. आपल्याकडची कितीतरी माणसं प्रवासात गणपतीची छोटी मूर्ती बरोबर ठेवतात. ती या प्रवासापुरती घरच्या देवघरातच राहू द्या.

बऱ्याच जणांना प्रश्न पडतो, की जाहिरातीत तर निळ्या पाण्याकाठी वाइनचे ग्लास दिसतात, मग हे काय? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मालदीव म्हणजे सुमारे बाराशे बेटं, आणि त्यांतल्या दोनशेहून कमी बेटांवर गावं आहेत. 1972 मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून एक रीत पडली: पर्यटकाने वस्ती नसलेल्या बेटावर राहायचं. एका बेटावर एक रिसॉर्ट. तिथे बार, तिथे बिकिनी, तिथे रात्रभर संगीत. गावं आपापल्या बेटांवर, आपल्या मशिदी आणि मासेमारीसह. 2008 ची राज्यघटना इस्लामला राज्याचा धर्म मानते आणि मुस्लिम नसलेल्याला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे गावातला प्रत्येक नागरिक मुस्लिम, आणि त्याच्यासाठी दारू पिणं हा गुन्हा. मधल्या समुद्राने या दोन जगांची अनेक वर्षं गाठ पडू दिली नाही.

राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या सरकारच्या काळात हे बदललं. 2009-10 च्या सुमारास गावातल्या लोकांना आपल्या बेटावर गेस्टहाउस काढायची मुभा मिळाली. रिसॉर्टचं भाडं न परवडणारा प्रवासी गावात राहायला लागला, आणि पैसा थेट गावकऱ्याच्या हातात यायला लागला. माझ्या मते मालदीवच्या पर्यटनात झालेला हा सगळ्यात चांगला बदल आहे. पण दारूचा परवाना गावात आला नाही. तो रिसॉर्टांकडे आणि पर्यटकांच्या बोटींकडेच राहिला. तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्ही कुठे उभे आहात, यावर तिथे सगळं ठरतं. परदेशी असलात, मुस्लिम नसलात, तरी गावच्या जमिनीवर दारू नाही. खोलीत नाही, गच्चीत नाही, किनाऱ्यावरच्या वाळूतही नाही.

आता माफुशीचंच बघू, कारण आपल्याकडची माणसं बहुधा तिथेच जातात. मालेच्या दक्षिणेला सुमारे 27 किलोमीटरवर हे बेट आहे. स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासात, सरकारी फेरीने दीड तासाच्या आसपास. शुक्रवारी सरकारी फेरी नसते, हे तिकीट काढण्याआधी ध्यानात ठेवा. गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी वीसेक मिनिटांचं. देशाचा तुरुंगही इथेच आहे. पाच वेळा अजान होते आणि नमाजाच्या वेळी दुकानं थोडा वेळ बंद होतात. बिकिनीसाठी किनाऱ्याचा एक भाग आडोसा करून वेगळा ठेवलेला आहे. बाकी गावात खांदे आणि गुडघे झाकलेले बरे.

जेवणाच्या हॉटेलांत बिअर मागितलीत तर डबा येतो, वर नाव ओळखीचं असतं, पण बारीक अक्षरांत शून्य टक्के लिहिलेलं. ताजी शहाळी मिळतात. मालदीवच्या धिवेही भाषेत शहाळ्याला ‘कुरुंबा’ म्हणतात, त्या पहिल्या रिसॉर्टचं नाव तेच.

खरी बिअर हवी असेल तर जेट्टीवर जायचं. संध्याकाळी तिथे उभं राहिलं, की लगूनच्या पलीकडे दिव्यांनी उजळलेली एक-दोन मजल्यांची बोट नांगरलेली दिसते. हा तरंगता बार. मुळात ही पर्यटकांची सफारी बोट आणि तिच्यावर दारूचा परवाना. गावच्या किनाऱ्यापासून अंतर ठेवून ती उभी असते आणि जेट्टीवरून छोटी डिंगी माणसं नेते-आणते. या फेरीचे बहुधा पैसे घेत नाहीत, बार चालवणारे ते बिअरच्या दरात धरतात. हिशोब डॉलरमध्ये, त्यावर सेवा शुल्क आणि कर. रिसॉर्टपेक्षा स्वस्त पडतं, पण गोव्याचा दर डोक्यात ठेवून गेलात तर बिल बघून चमकाल. आत स्थानिक गिऱ्हाईक दिसणार नाही. ग्लास भरणारा माणूसही बहुधा श्रीलंकेचा, बांगलादेशचा किंवा आपल्याच देशातला असतो, कारण दारू हाताळण्याचं काम मालदीवच्या नागरिकाला देत नाहीत.

जाण्याआधी गेस्टहाउसमध्ये विचारायचं ते एवढंच: आज बोट उभी आहे का, आणि परतीची शेवटची डिंगी किती वाजता? वारा सुटला, समुद्र खवळला, तर बोट जागा बदलते किंवा डिंगी चालत नाही. दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगेन. अंधारात, दोन ग्लासांनंतर, हलत्या शिडीवरून छोट्या होडीत उतरताना पाय घसरायला क्षण पुरतो. लाइफ जॅकेट मागून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा डायव्हिंग ठरलं असेल, तर आदल्या रात्री पिऊ नका. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं, आणि तशा अवस्थेत पाण्याखाली जाणं धोक्याचं असतं.

प्रत्येक गावाबाहेर असा बार असेल, असं मात्र समजू नका. माफुशीला पर्यटकांची गर्दी आहे म्हणून तिथे तो चालतो. कलिंगडांच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या थोड्डूसारख्या बेटावर जाताना मनाची तयारी कलिंगडाच्या रसाची ठेवावी, आणि तो रस खरोखर सुरेख असतो. अशा ठिकाणी दुसरा मार्ग म्हणजे जवळच्या रिसॉर्टचा दिवसभराचा पास. गेस्टहाउसवालेच बोटीसकट तो ठरवून देतात. त्यात जेवण असतं, पेयं कधी धरलेली असतात, कधी नसतात. हे आधी लिहून घ्या, कारण तक्रारी इथेच होतात. तिसरा मार्ग सफारी बोटीवरच आठवडाभर राहण्याचा, जो डायव्हिंगवाल्यांना सोयीचा. आणि एखाद्या रात्रीपुरतं विमानतळाजवळ थांबायचं असेल, तर विमानतळाच्याच बेटावर हुलहुले आयलंड हॉटेल आहे, तिथे परवानाधारक बार आहे. राजधानी मालेत मात्र कुठल्याही हॉटेलात दारूचा ग्लास मिळत नाही.

रमजानमध्ये गावाची चाल बदलते. दिवसा जेवणाची हॉटेलं बंद राहतात, रस्त्यात पाणी पिणंही बरं दिसत नाही. गेस्टहाउस पाहुण्याला आत जेवण देतं. रिसॉर्टवर नेहमीसारखं चालू असतं.

दारू नाही म्हणजे माड नाही, असं नाही. माडाची पोय चेचून, छेद देऊन रस काढणारा माणूस मालदीवच्या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. धिवेहीत त्याला ‘रावेरी’ म्हणतात आणि रसाला ‘रा’. कोकणातल्या भंडाऱ्यांचा हा धंदा ज्यांनी जवळून बघितला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको: ताजी ती नीरा, आंबली की माडी. तिथे ताजी चालते, आंबवलेली निषिद्ध. उरलेला रस आटवून दाट, गोड काकवी करतात. मिळाली तर बाटलीभर घरी आणा. ही बाटली कुठलाही कस्टमवाला अडवणार नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गेस्टहाउसमधल्या पोराला बाजूला घेऊन ‘काही सोय होईल का?’ असं विचारू नका. तुम्हाला ती गंमत वाटते. पण तो पकडला गेला, तर तुम्ही बहुधा पुढच्या विमानाने घरी जाल. तो मात्र त्याच गावात, त्याच आईवडिलांच्या घरात, गुन्हेगार म्हणून राहील. तो बांगलादेशातून आलेला कामगार असेल, तर त्याची नोकरीच जाईल आणि त्याच्या पैशांवर जगणारं घर उघड्यावर येईल. समोरच समुद्रात कायदेशीर बार नांगरलेला असताना ही जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं मला अक्षम्य वाटतं.

हीच व्यवस्था आपल्या देशातही आहे. लक्षद्वीपच्या वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे आणि दारू मिळते ती वस्ती नसलेल्या बंगारामच्या रिसॉर्टवर. 2021 मध्ये वस्तीच्या बेटांवरही पर्यटनासाठी दारू खुली करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या लोकांनी कडाडून विरोध केला. त्यातल्या मिनिकॉय बेटावरचे लोक तर मालदीवच्याच भाषेचं एक रूप बोलतात.

तरंगत्या बारवरून परतताना हातात बाटली किंवा डबा घेऊन डिंगीत बसू नका. प्यायचं ते बोटीवर, उरलेलंही बोटीवरच. आणि जेट्टीवर पाय ठेवलात की आवाज खाली आणा. गल्लीतल्या घरांत माणसं झोपलेली असतात, पहाटेच्या नमाजाला त्यांना उठायचं असतं.