वाहतूकदाराची पत : नव्या चालकाने ती कशी पारखावी?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून अहिल्यानगरकडे रेल्वेगाडी सुटली आणि कित्येक पिढ्यांची प्रतीक्षा संपली. जिल्ह्यात परळी वैजनाथला रेल्वे पूर्वीपासून होती. परंतु बीड, गेवराई, माजलगाव, धारूर, आष्टी, कडा या बाजारपेठा वाढल्या त्या रस्त्याच्या आधारावर. कापसाच्या गाठी, सरकी, सोयाबीन, कांदा असा येथील माल बाहेर गेला तो ट्रकने, आणि दुकानात किराणा, कापड, लोखंड आले तेही ट्रकनेच. त्यामुळे बीडच्या व्यापारी घराला वाहतूकदार नवखा नाही. नवखा आहे तो त्याच्या ट्रकवर पहिल्यांदा चढणारा चालक.

जुन्या पेढ्यांत वाहतूकदाराला ‘हुंडेकरी’ म्हणत. ठरलेल्या रकमेत माल मुक्कामी सुखरूप पोहोचवण्याचे दायित्व घेणारा, तो हुंडेकरी. त्याचा सगळा व्यवहार शब्दावर चाले, म्हणून त्याची पत ही व्यापाऱ्याच्या पतीइतकीच जपण्याची गोष्ट होती. आज हुंडेकऱ्याच्या जागी ‘ट्रान्सपोर्ट कंपनी’ आली, बिल्टीच्या जोडीला ई-वे बिल आले, तरी पतीचा प्रश्न तसाच राहिला आहे. व्यापारी ही पत आपल्या मालाच्या बाजूने पाहतो. चालकाला ती आपल्या जिवाच्या, मजुरीच्या आणि परवान्याच्या बाजूने पाहावी लागते.

अनुभव नाही, म्हणून निवडही नाही?

शिरूर कासार किंवा पाटोदा तालुक्यातील एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. आईवडील ऊसतोडीला जात असतील. पोराने कोयत्याऐवजी स्टेअरिंग हाती घ्यावे, अशी घराची इच्छा असेल. कायद्यानुसार मालवाहू वाहन चालवण्यास वयाची वीस वर्षे पूर्ण लागतात, आणि अशा वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. बहुतेकांचा हा काळ क्लीनर म्हणून जातो. पुढे जड वाहनाचा परवाना मिळाला, की ‘अनुभव किती?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसते. अशा वेळी जो मालक गाडी देईल तो देव वाटतो. चुकीची निवड होते ती याच क्षणी.

बँक कर्ज देताना अर्जदाराच्या दुकानाची पाटी पाहून थांबत नाही. त्याचे चारित्र्य, परतफेडीची क्षमता, स्वतःचे भांडवल आणि मागील खात्यांचा इतिहास ती तपासते. नव्या चालकाने मालकाकडे याच नजरेने पाहावे. मालक त्याला गाडी देतो हे खरे. पण तोही मालकाला आपले श्रम उधार देत असतो. फेरी आधी होते, हिशेब नंतर. ज्याची येणी बाकी राहतात, त्याला समोरच्याची पत तपासण्याचा अधिकार आहे.

गाडीची कागदपत्रे आधी बोलतात

पतीचा पहिला पुरावा कोणाला न विचारता मिळतो. शासनाच्या ‘एम-परिवहन’ अॅपवर गाडीचा क्रमांक टाकला, की नोंदणी, विमा, फिटनेस आणि पीयूसी यांची मुदत दिसते. ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेले दंड दिसतात. एमएच २३ असो वा अंबाजोगाईची एमएच ४४, ज्या मालकाच्या तीन-चार गाड्यांवर चलनांचा ढीग आहे आणि विम्याची मुदत संपलेली आहे, तो चालकाचा हिशेब मात्र वेळेवर करील, ही आशा व्यर्थ होय.

विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ नुसार तो मालकाप्रमाणे गाडी चालवणाऱ्यालाही लागू होऊ शकतो. तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा पहिल्या वेळी दोन हजार व पुढे चार हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ‘कागद मालकाकडे असतात, मला काय ठाऊक?’ हे उत्तर पगारी चालकाला तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा विमा नाही हे त्याला खरोखर ठाऊक नसते आणि तसे मानण्यास कारणही नसते.

दुसरा पुरावा काट्यावर मिळतो. समजा, नोंदणी पुस्तकात दहाचाकी ट्रकचे मालासह एकूण वजन २८.५ टन लिहिले आहे आणि मालक चार टन अधिक भरण्यास सांगतो. कलम १९४ प्रमाणे अतिभारासाठी वीस हजार आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, म्हणजे एकूण अठ्ठावीस हजार रुपये दंड होतो. माल उतरवण्याचा खर्च वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना दिलेल्या निर्देशांनुसार अतिभारासाठी चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित होऊ शकतो. चालक मालक नसेल, तर अतिभार मालकाच्या माहितीने वा आदेशाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते, हे कायद्याने मान्य केले आहे. तरीही रस्त्यावर अडवला जातो तो चालक, आणि परवाना जातो तो त्याचाच. म्हणून काटा पावतीचे छायाचित्र आपल्या मोबाइलमध्ये ठेवण्याची सवय पहिल्या फेरीपासून लावावी.

कोणाला विचारावे?

मांजरसुंब्याच्या चौकातील ढाब्यावर किंवा मोंढ्याजवळच्या चहाच्या टपरीवर कोणत्याही ट्रान्सपोर्टविषयी दहा मते ऐकू येतात. त्यांतील निम्मी रागातून आलेली असतात, उरलेली मैत्रीतून. एक धनादेश परत गेला म्हणून खाते बुडीत ठरत नाही. वर्षभराची उलाढाल पाहावी लागते. एका चालकाची तक्रार ही बातमी असते. वेगवेगळ्या वेळी काम सोडून गेलेल्या तिघांनी तीच तक्रार केली, तर मात्र ती पत ठरते.

त्यासाठी दोन प्रकारच्या माणसांना गाठावे. पहिला, त्याच मालकाकडे पाच-सात वर्षे टिकलेला चालक. त्याला ‘मालक कसा आहे?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. मागील दिवाळीला हिशेब कोणत्या दिवशी झाला, गाडी वाटेत बिघडली तेव्हा फोन कोणी उचलला, घरी मयत झाली तेव्हा बदली चालक मिळाला का, असे नेमके विचारावे. दुसरा, नोकरी सोडून गेलेला चालक. जाताना त्याचा शेवटचा हिशेब पूर्ण मिळाला का, हा एकच प्रश्न त्याच्यासाठी पुरे. कामावर असलेल्या माणसाला मालक गरजेपोटीही सांभाळतो. निघून जाणाऱ्याचे पैसे जो चोख देतो, त्याच्या सचोटीविषयी शंका उरत नाही.

पेट्रोल पंपावरचा माणूस, टायरवाला आणि मिस्त्री हेही उत्तम साक्षीदार होत. ज्याची उधारी टायरवाल्याकडे सहा महिने थकली आहे, त्याच्या गाडीचे टायर कसे असतील, हे सांगावे लागत नाही.

हिशेबाच्या चार जागा

मजुरी किती, हे सगळेच विचारतात. मतभेद होतात ते मजुरीच्या आकड्यावर क्वचितच. ते होतात कपातींवर. म्हणून गाडीवर चढण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात, शक्य तर लिहून.

पहिली, डिझेलचा अॅव्हरेज. भरलेल्या गाडीला व रिकाम्या गाडीला वेगळा आकडा धरला आहे का? घाटाचा रस्ता विचारात घेतला आहे का? दोन्हींसाठी एकच आकडा लावणारा मालक प्रत्येक फेरीत चालकाच्या मजुरीतून डिझेल कापत राहतो.

दुसरी, मालाची तूट. रस्ता वाहतुकीविषयीच्या २००७ च्या कायद्याने माल हरवल्याची वा खराब झाल्याची जबाबदारी वाहतूकदारावर टाकली आहे. चोरी वा उघड हलगर्जी नसताना ती गुपचूप चालकाच्या पगारातून वसूल होत असेल, तर कंपनी आपला धोका सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर ठेवत आहे, असे समजावे.

तिसरी, वाटखर्च. टोल फास्टॅगमधून जातो. परंतु वाराई, पार्किंग, पंक्चर आणि रिकामे थांबण्याचे दिवस यांचे पैसे कोण देणार? माल उतरेपर्यंत दोन दिवस खोळंबा झाला, तर भत्ता चालू राहतो का?

चौथी, चलन. वेगाचे वा सिग्नलचे चलन चालकाचे, हे न्याय्य आहे. विमा, फिटनेस, अतिभार यांचे चलन मालकाचे. ही रेघ जो मालक आपणहून ओढतो, त्याच्याकडे निर्धास्त जावे.

कामाचे तासही याच वेळी बोलावेत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. पुढे २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला. त्या संहितेत नियुक्तिपत्राचीही तरतूद आहे. एक-दोन गाड्या असलेल्या मालकाकडून छापील पत्र मिळेलच असे नाही. पण एका कागदावर मजुरी, भत्ता आणि सुट्टी लिहून सही करण्यास जो टाळाटाळ करतो, त्याने आपली पत स्वतःच सांगितलेली असते.

उचल : बीडला ठाऊक असलेला सापळा

बीड जिल्ह्याला ‘उचल’ हा शब्द शिकवावा लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली रक्कम आणि ती फिटेपर्यंत न संपणारे काम, हे येथील हजारो घरांनी भोगले आहे. त्याच घरांतील मुले चालक होतात, तेव्हा उचल त्यांच्या मागोमाग ट्रकपर्यंत येते. बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, आणि मालक उदार मनाने वीस-तीस हजार पुढे करतो. उचल देणे हा दोष नव्हे. अडचणीत दिलेली ती मदतही असते. प्रश्न आहे तो तिच्या वहीचा. दर महिन्याला किती वळती होणार, उरलेली रक्कम किती, आणि ती रोख फेडून चालकाला जाता येईल का?

उचलीपोटी मूळ परवाना किंवा आधार कार्ड मालकाच्या कपाटात ठेवून घेतले जात असेल, तर तेथे क्षणभरही थांबू नये. कर्जाच्या बदल्यात माणसाची जाण्याची मोकळीक काढून घेणे हा प्रकार १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. परवाना ही चालकाची एकमेव मालमत्ता आहे. ती तारण ठेवण्याची वस्तू नव्हे. डिजिलॉकरमधील परवाना तपासणीच्या वेळी ग्राह्य धरला जातो, म्हणून तो मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा.

पतीची अखेरची कसोटी अपघाताच्या रात्री लागते. जखमी चालकाला कामावरील अपघाताची भरपाई मिळण्याचा हक्क १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आला आहे, आणि गाडीच्या विम्यात चालकाविषयीची ही जबाबदारी समाविष्ट असते. तरीही त्या रात्री रुग्णालयात मालक स्वतः आला, माणूस पाठवला, की फोन बंद केला, हे त्या कंपनीतला प्रत्येक चालक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. नव्याने हे अवश्य विचारावे.

पेढीचाही वाटा

वाहतूकदाराची पत केवळ त्याच्या स्वभावावर ठरत नाही. त्याला भाडे देणाऱ्या पेढ्याही ती घडवत असतात. सर्वांत कमी भाडे मागणाऱ्याला माल देताना ती कपात शेवटी कोणाच्या भत्त्यातून होणार, याचा विचार क्वचितच होतो. ‘दोन टन वर टाका, जवळच तर जायचे आहे’ हे वाक्य गोदामातच उच्चारले जाते. ‘उद्या सकाळी माल पाहिजेच’ असे सांगितले, की कोणाची तरी झोप जाते. वास्तविक ई-वे बिलाची मुदतही दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. शासनाने दिलेला वेळ पेढीने का हिरावून घ्यावा?

याउलट, व्यापाऱ्याला थोडक्यात पुष्कळ करता येते. गाडी लावण्यापूर्वी विमा व फिटनेसची मुदत पाहावी. वाराई कोणी द्यायची, ते बिल्टीवरच लिहावे. माल आल्या दिवशी उतरवून घ्यावा; न जमल्यास थांबल्याचे पैसे द्यावेत. गोदामाशी पाणी, शौचालय आणि पाठ टेकण्यापुरती सावली असावी. ज्या वाहतूकदाराचे चालक दरवर्षी बदलतात, त्याला कारण विचारावे. लाखो रुपयांचा माल रात्रभर ज्याच्या हाती असतो, तो झोपलेला आहे की जागा, समाधानी आहे की नाडलेला, हा पेढीच्याही हिताचा प्रश्न आहे.

नव्या चालकाने पहिली नोकरी धरताना मोठ्या नावाला भुलू नये, लहान मालकाला कमी लेखू नये. एकाच ठरलेल्या मार्गावर चालणारा, दोन-तीन गाड्यांचा पण चोख हिशेबाचा मालक शिकण्यास अधिक चांगला ठरू शकतो. पहिली एक-दोन फेरी जुन्या चालकासोबत करावी. एक छोटी वही ठेवावी : तारीख, गाव, वजन, डिझेल, घेतलेले पैसे, मिळालेले पैसे. व्यापारी घरांत मुलाला गल्ल्यावर बसवण्यापूर्वी रोजकीर्द लिहायला शिकवत, ते याचसाठी. वर्षभराने तीच वही सांगेल, मालकाची पत किती होती. आणि दुसऱ्या दारी गेल्यावर ‘अनुभव किती?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून तीच पुढे ठेवता येईल.