सर्व्हर बसला, मग सातबारा गेला का?

नांदगाव खंडेश्वरच्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. पीककर्जाच्या कागदांसाठी सातबारा काढायला गेले, तर उत्तर मिळालं, ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ तलाठ्याच्या दप्तरातली वही निदान डोळ्यांना दिसायची, असं सांगून ते विचारतात, “त्या सर्व्हरची हार्ड डिस्कच जळाली, तर आमचं वावर कोनाच्या नावावर राहीन?”

सर्व्हर डाउन म्हणजे दर वेळी डिस्क गेली असं नसतं. नेट तुटलं किंवा एकदम गर्दी झाली, तरी खिडकीवर हेच वाक्य ऐकू येतं. पण शंका रास्त आहे, कारण डिस्क आज ना उद्या जातेच. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीपासून वाचणारं हेड जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. गूगलनं २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी शेकडा दोनपेक्षा कमी डिस्क बंद पडल्या होत्या. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण शेकडा आठाच्या वर गेलं. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. (आपल्याकडे मे महिन्यात डिस्क गेली की उन्हावर खापर फुटतं. त्या अभ्यासात मात्र उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध लोक धरतात तितका घट्ट निघाला नाही.)

म्हणून चांगला सर्व्हर बांधणारा माणूस डिस्क टिकेल या आशेवर राहत नाही. ती गेली असं धरूनच तो मांडणी करतो, आणि ती मांडणी शाळेतल्या गणिताची असते. समजा, तीन डिस्कांवर ७, १२ आणि ६ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज ठेवा, २५. मधली डिस्क गेली तर २५ मधून ७ आणि ६ वजा करा, १२ परत हातात. खऱ्या यंत्रात बेरजेऐवजी सम-विषमचा हिशेब असतो, तत्त्व हेच. बिघडलेली डिस्क काढून नवी बसवायची. गेलेला मजकूर तिच्यावर पुन्हा गणून भरला जातो आणि तोवर कामही चालू राहतं.

या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. हे नाव १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी रूढ केलं आणि श्रेयही त्यांच्याच खात्यावर चढलं. बंद पडलेल्या साठवणीतला मजकूर असा परत मिळवण्याचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना त्याच्या दहा वर्षं आधी, १९७८ सालीच मिळालं होतं.

पण नवी डिस्क भरत असतानाच दुसरी गेली तर? ही नुसती कल्पना नाही. एकाच खेपेत घेतलेल्या डिस्क साधारण एकाच वयात थकतात, आणि मोठी डिस्क भरायला कित्येक तास लागतात. नेमक्या त्याच तासांत उरलेल्या डिस्कांवर सर्वांत जास्त ताण असतो. आता अज्ञात दोन आणि समीकरण एक, म्हणजे गणित सुटणार नाही. मग दुसरं समीकरण तयार ठेवा. पाचव्या डिस्कवर पहिल्या आकड्याची एकपट, दुसऱ्याची दुप्पट आणि तिसऱ्याची तिप्पट मिळवून लिहा : ७ + २४ + १८ = ४९. आता ७ आणि १२ दोन्ही पुसून टाका आणि कागद-पेन घेऊन परत काढा. निघतात.

इथून माझी आवडती गोष्ट सुरू होते. डिस्कच्या एका घरात आकडा वाटेल तेवढा वाढू देता येत नाही, ठरावीक चिन्हंच मावतात. समजा, घरात ० ते ९ मधला एकच अंक मावतो आणि हातचा सोडून द्यायचा आहे. मग १ ची दुप्पट २, आणि ६ ची दुप्पट १२, म्हणजे पुन्हा २. मूळ अंक १ होता की ६, हे कळायला मार्ग उरत नाही. मग अशी एखादी दुसरी युक्ती आहे का, की दोन डिस्क माहितीच्या, दोन पडताळ्याच्या, आणि चारांतल्या कुठल्याही दोन गेल्या तरी उरलेल्या दोघी सगळं सांगतील?

डिस्क जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, १७८२ साली, गणितज्ञ ऑयलरनं हाच प्रश्न वेगळ्या वेशात मांडला होता. सहा पलटणी, प्रत्येकीत सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी. या ३६ जणांना चौरसात असं उभं करा, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. आडवी रांग आणि उभी रांग या झाल्या माहितीच्या डिस्क. पलटण आणि हुद्दा या पडताळ्याच्या. ऑयलरला हे जमलं नाही. ६, १०, १४, १८ या साखळीतल्या कुठल्याच संख्येला ते जमणार नाही, असा अंदाज त्यानं बांधला. सहाबद्दल तो बरोबर होता. बाकीच्यांबद्दल तो चुकला होता, हे कळायला १९५९ साल उजाडावं लागलं. राजचंद्र बोस आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी २२ चा चौरस मांडला, अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ सोडले तर असा चौरस प्रत्येक संख्येसाठी बनतो. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर घेतली.

हे श्रीखंडे आपल्याकडचे. १९१७ साली तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या सागरला जन्म, शिक्षण नागपुरात, पुढे तिथल्याच विज्ञान महाविद्यालयात अध्यापन, नॉर्थ कॅरोलायनात बोसांकडे पीएच.डी., नंतर मुंबई विद्यापीठात गणित विभागाचं प्रमुखपद. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. त्याच १९५९ साली बोस-श्रीखंडे जोडीनं चुका ओळखणाऱ्या संकेतांच्या रचनेवरही शोधनिबंध लिहिला होता. आजच्या सर्व्हरमध्ये श्रीखंड्यांचा चौरस बसवलेला असतो, असा दावा मी करणार नाही. एका बाइटमध्ये २५६ चिन्हं असतात आणि तेवढ्यासाठी गाल्वा या गणितज्ञाचं बीजगणित पुरतं. तरी आयबीएमच्या अभियंत्यांनी १९७० साली असल्याच चौरसांवरून संगणकाच्या स्मृतीतल्या चुका दुरुस्त करणारे संकेत बेतले. विदर्भातल्या गणिताच्या शिक्षकांनी हे नाव वर्गात एकदा तरी घ्यावं.

एवढं गणित लावूनही डेटाबेस वाचेलच असं नाही. व्यवहार अर्धा असताना यंत्र मेलं, तर विकणाऱ्याचं नाव कमी झालेलं आणि घेणाऱ्याचं लागलेलं नाही, अशी अवस्था होते. यावरचा उपाय महसूल खात्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तलाठी थेट सातबाऱ्यावर नाव चढवत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. मग सातबाऱ्यावर अंमल. सातबाऱ्याचं पान फाटलं, पण जुनी प्रत आणि त्यानंतरचे फेरफार हाती असले, तर नवं पान उभं करता येतं. प्रमाणित फेरफाराचा अंमल राहिला असेल तर तो द्यायचा. प्रमाणित न झालेल्याचा चुकून दिला गेला असेल तर काढून घ्यायचा. डेटाबेस हुबेहूब असंच वागतो. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, मग मूळ तक्त्यात. डिस्क गेली की रविवारची बॅकअप प्रत घ्यायची, तेव्हापासूनचा लॉग तिच्यावर चढवायचा आणि बुधवार दुपारपर्यंत यायचं. अट एकच : लॉग त्याच डिस्कवर नको.

या कामाची सर्वांत गाजलेली रीत ‘एरीज’. ती १९९२ साली आयबीएमच्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी मांडली. मोहन मद्रास आयआयटीचे, पदवी केमिकल इंजिनिअरिंगची. त्यांची युक्ती अशी, की आधी घडलेलं सगळं जसंच्या तसं पुन्हा घडवायचं, अर्धवट व्यवहारांसकट. मग अर्धवट ते उलटवायचे, आणि उलटवल्याचीही लॉगमध्ये नोंद करायची. त्यामुळे दुरुस्ती चालू असताना पुन्हा लाइट गेली, तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे नेता येतं.

तेव्हा पत्रलेखकांना उत्तर असं, की एक डिस्क जळाल्यानं वावराची मालकी हलत नाही. पडताळा, प्रत आणि लॉग हे तिन्ही जाग्यावर असतील तर. ‘सगळं क्लाउडवर आहे’ या वाक्यानं मात्र निर्धास्त होऊ नका. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतल्या डिस्कच. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे : तुम्ही चुकून पुसलंत तर सगळ्या डिस्क मिळून तेही इमानदारीनं पुसतात. मूळ आणि प्रत एकाच इमारतीत असली तर काय होईल, याचा विचार २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेली आग पाहून तरी करावा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्यानं चुकीच्या यंत्रावरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, आणि ऐन वेळी त्यांतली एकही नीट चालेना. योगायोगानं सहा तासांपूर्वी कुणीतरी काढलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं.

पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, शाळेचं कार्यालय, जिनिंगचा हिशेब, सगळीकडे आज एखादा डेटाबेस असतोच, आणि बाहेरच्या डिस्कवर रोज कॉपी जाते असं मालक अभिमानानं सांगतो. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या संगणकावर चढवा आणि आदल्या दिवशीची शेवटची पावती दिसते का बघा. दिसली नाही, तर घाबरण्याचं कारण नाही. त्या दिवशी मूळ डिस्क चालू असते आणि चूक फुकटात सुधारता येते.