मुदखेडहून चंचलगुड्याला

मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील प्रवाशाला मुदखेड ठाऊक असते ते जंक्शन म्हणून; आदिलाबादचा फाटा येथूनच फुटतो. परंतु १९३८ साली मराठवाड्यातील तरुण याच लोहमार्गाने हैदराबादला जात, ते नोकरीसाठी नव्हे, चारमिनार पाहण्यासाठीही नव्हे, तर तुरुंगात जाण्यासाठी! राज्य निजामाचे, तुरुंग निजामाचा. गाडीभाडे मात्र पदरचे.

चंचलगुड्याचा हा तुरुंग १८७६ सालचा. त्याला राजबंद्यांचे माहेर केले ते एका अजब हुकुमाने. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. बाळ जन्मण्याआधीच त्याचे मृत्युपत्र! मग सत्याग्रह ठरला. चौकात उभे राहावयाचे, आपण या संस्थेचे सभासद आहो, आम्हांस जबाबदार राज्यपद्धती हवी, असे जाहीर करावयाचे आणि पोलिसांच्या स्वाधीन व्हावयाचे. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांची तुकडी निघाली. तीनच दिवसांनी स्वामी रामानंद तीर्थांची. हे स्वामीजी म्हणजे अंबाजोगाईच्या शाळेतले खेडगीकर गुरुजी.

बाहेर मराठी, तेलुगू आणि कानडी मंडळींच्या परिषदा वेगवेगळ्या भरत. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला झाले होते. आत मात्र तिन्ही प्रांतांचे लोक एकाच शिक्षेचे भागीदार झाले. आर्य समाजाच्या रामचंद्ररावांना तेथे फटक्यांची शिक्षा झाली. प्रत्येक फटक्यासरशी ते 'वंदे मातरम्' म्हणत, असे सांगतात. पुढे तेच शब्द जन्मभर त्यांच्या नावामागे लागले.

स्टेट काँग्रेसवरील बंदी उठावयास १९४६ साल उजाडले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकविल्याबद्दल स्वामीजींना पुन्हा अटक झाली. मध्यंतरी सुटून ते जानेवारी १९४८ मध्ये परत गजाआड गेले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करल्यावरच मोकळे झाले. आता पाळी आली रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याची. हाही आपल्याच लातूरचा वकील! बंदिवास भोगून तो १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला; चंचलगुडा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. निजामी अमदानीची दफ्तरेही हैदराबादेतच आहेत. नांदेडकडच्या नातवाने आजोबांचा माग काढायचे ठरविले, तर त्याला मुदखेडवरून तीच गाडी धरावी लागेल. शिवाय राज्यकारभाराची भाषा होती उर्दू. आजोबांच्या पिढीत शाळा शिकलेल्यांना ती वाचता येई. नातवाला मात्र सोबत दुभाषा न्यावा लागेल.