हात धरणारी, हात सोडणारी

गेल्या पावसाळ्यात आमची आक्का न्हाणीघरात घसरून पडली. वय ७८. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तिला वॉकर धरून उभं केलं. हाड जुळेल, पण पडून राहिलं तर पायातली ताकद भराभर जाते, असं त्यांचं म्हणणं.

ते पटलं. पण सदाशिव पेठेतल्या घरी तिला रोज उभं करणार कोण? बंगळूरहून भाचा आला होता. म्हणाला, ''मामा, तीन महिने बाई ठेवू. तोवर आईला जमलं नाही तर इथलं घर बंद करून तिला तिकडे नेतो.'' आक्का काही बोलली नाही. नुसती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली.

ब्यूरोनं चोवीस तासांची बाई पाठवली. परभणीकडची, चाळिशीची. आम्ही तिला मावशी म्हणू लागलो. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यावर चिडलो. आक्का खुर्चीतून उठायची धडपड करत होती आणि ही शेजारी नुसती उभी! ''अहो, हात द्या ना! पगार कशाचा घेता?'' मी बोलून गेलो.

''काका, मीच रोज उचललं तर आजींचे पाय कधी उचलणार?'' ती शांतपणे म्हणाली. तेव्हा माझं लक्ष गेलं. तिचा हात आक्काच्या कमरेमागे जेमतेम वीतभर अंतरावर होता.

तिनं पायपुसणी उचलायला लावली, न्हाणीत दांडी बसवून घेतली, चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणले. फिजिओथेरपिस्टनं आम्हाला बार्थेल निर्देशांकाचा तक्ता दिला. १९६५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत. जेवण, आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, जिना अशा दहा गोष्टी माणूस स्वतःची स्वतः किती करतो, त्याचे १०० पैकी गुण. बँकेत जन्म गेलेला मी, तो तक्ता पासबुकासारखा भरत होतो. सुरुवातीची शिल्लक ४५. दहाव्या आठवड्यात ८५. जिना आणि आंघोळ तेवढी बाकी होती.

अकराव्या आठवड्यात गेलो तर आक्का ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती आणि मावशी स्टुलावर बसली होती. पहिला कप आक्कानं तिला दिला. संध्याकाळी भाच्याला फोन गेला : घर बंद करायचं नाही.

मग मावशीनं पिशवी भरली. ''आता कुठे?'' मी विचारलं. ''ब्यूरो सांगेल तिथं. तोवर गावाकडे. बिनपगारी,'' ती हसून म्हणाली.

मला चटका बसला. बँकेत कर्ज वेळेत वसूल झालं की अधिकाऱ्याला शाबासकी मिळते. इथं जी बाई नीट काम करते, तिचीच नोकरी लवकर संपते! पेशंटला पडून ठेवणारीचा पगार मात्र चालू. आम्ही तिला एक महिन्याचा पगार जास्त दिला. पण तो निघताना सुचलेला. बोली करतानाच ठरवायला हवा होता. तुमच्या घरी अशी वेळ आली तर एवढं विसरू नका.

अजून अधूनमधून तिचा फोन येतो. ''आजी, जिना उतरता का?'' आक्का ऐटीत सांगते, ''कठडा धरून!''