बापाचे खाते वेगळे, लेकाचे खाते वेगळे

वडाच्या सावलीत दुसरे झाड वाढत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पण म्हणणारे दोष देतात तो त्या दुसऱ्या झाडालाच. सूर्यपुत्र यशवंतराव तथा भैय्यासाहेब आंबेडकर यांच्या वाट्याला आयुष्यभर हेच आले. १२ डिसेंबरला त्यांची जयंती आणि १७ सप्टेंबरला स्मृतिदिन येतो. आपण विहारात जमतो, फुले वाहतो, दोन शब्द बोलतो. बोलणारा बहुधा ‘बाबासाहेबांचे सुपुत्र’ येथून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो. हा मुलगा कसा वाढला असेल, हे मात्र कोणी बोलत नाही. आज आम्ही त्याविषयीच लिहिणार आहोत, कारण आपल्या घरोघरच्या आईवडिलांनी विचार करावा असे त्यात बरेच आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, तेव्हा हे बाळ अवघे सात महिन्यांचे होते. बाबासाहेब परत आले १९१७ च्या ऑगस्टमध्ये. तोवर मूल पाचव्या वर्षात होते. चालायला, बोलायला शिकले ते वडिलांच्या पाठीमागेच. पुढे १९२० साली बाबासाहेब लंडनला गेले आणि १९२३ साली परतले. म्हणजे वयाच्या सातव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत पुन्हा वडील साता समुद्रापार. वयाची पहिली दहा वर्षे घेतली, तर त्यातली जवळजवळ सात वर्षे वडील घरी नव्हते.

घरी होती ती माता रमाई. तिने संसाराचा गाडा कसा ओढला, हे आपल्या माताभगिनींना वेगळे सांगायला नको. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे तिच्या डोळ्यांदेखत गेली. राजरत्न गेला १९२६ साली, तेव्हा यशवंत तेरा वर्षांचा होता. पाच भावंडांत जगलेला तो एकटा, आणि त्याचीही प्रकृती लहानपणापासून नाजूक. अशा घरातल्या मुलाला शिंक आली तरी आईच्या काळजात काय होत असेल!

राजरत्न गेल्याला वर्ष होत नाही तोच २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे पेटले. चौदा वर्षांच्या यशवंताचे वडील त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने साऱ्या समाजाचे झाले. आपल्याला बाप मिळाला, ही आपल्या भाग्याची गोष्ट. पण त्याच वेळी परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या त्या दोन खोल्यांत एका पोराला आपला बाप लाखो लोकांशी वाटून घ्यावा लागला, हेही तितकेच खरे. पुढे १९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेस निघाले, तेव्हा यशवंतराव सतरा वर्षांचे होते. २७ मे १९३५ रोजी रमाई गेली. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. भावंडे नाहीत, आई नाही, आणि वडिलांच्या दाराशी अख्ख्या देशाची गाऱ्हाणी उभी.

आता दुसरी बाजू पाहा. वडील कोलंबियाचे पीएच.डी., लंडनचे डी.एस्सी., बॅरिस्टर. अशा घरातल्या मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहणार? यशवंतरावांनी तशा पदव्या मिळवल्या नाहीत. त्यांनी छापखाना चालवला. खिळे, शाई आणि कागद यांच्याशी रोजची झटापट करून आपल्या चळवळीचे कागद छापले. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांचे संपादन केले. आपल्यातल्या किती घरांत छापखान्याची शाई हाताला लागलेला बाप आहे? त्या घरांना विचारा, हे काम हलके आहे का. तरी ‘बाबासाहेबांचा मुलगा असून’ हे तीन शब्द त्यांच्या नावामागून कधी सुटले नाहीत.

नेत्याच्या मुलावर आणखी एक संकट असते. लोक त्याचा शिडीसारखा उपयोग करू पाहतात. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हाची एक आठवण चळवळीतली जुनी मंडळी सांगत आली आहेत. काम मिळावे म्हणून एका ठेकेदाराने यशवंतरावांना गाठले आणि पैशाचे आमिष दाखवले. हे कळताच बाबासाहेबांनी मुलाला दिल्लीहून मुंबईला परत धाडले. ही आठवण आपण बाबासाहेबांच्या सचोटीसाठी सांगतो, ते योग्यच आहे. पण मुलाच्या बाजूनेही ती एकदा ऐकावी. ठेकेदार यशवंतरावांकडे आला नव्हता, तो त्यांच्या आडनावाकडे आला होता. समोरचा माणूस आपल्यासाठी आला की आडनावासाठी, हा हिशेब अशा मुलाला जन्मभर करावा लागतो.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनारी लाखोंच्या आक्रोशात यशवंतरावांनी वडिलांना अग्नी दिला. पाच दिवसांनी त्यांना चव्वेचाळिसावे वर्ष पूर्ण होणार होते. त्या दिवशी प्रत्येकजण म्हणत होता, ‘आमचा बाप गेला.’ ज्याचा सख्खा बाप गेला होता, त्याला बाजूला बसून रडायलाही उसंत नव्हती.

त्यानंतरची एकवीस वर्षे मात्र पाहण्यासारखी आहेत. भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि धम्मदीक्षेचे काम पुढे नेले. १९६० ते १९६६ ते विधान परिषदेचे सदस्य होते. आणि बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या जागी चैत्यभूमीचा स्तूप उभा राहावा म्हणून त्यांनी समाजाकडून निधी गोळा केला. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. आज ६ डिसेंबरला रांगेत तासन् तास उभे राहून आपण तेथे माथा टेकतो. त्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक असते, की या विटांमागे कोणाची पायपीट आहे? १७ सप्टेंबर १९७७ रोजी भैय्यासाहेब गेले, तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते.

आम्ही कचेरीत हिशेब सांभाळणारे कारकून. एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यात दाखवायची नाही, आणि एकाची बाकी दुसऱ्याच्या माथी मारायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. भैय्यासाहेबांच्या बाबतीत समाजाने हा नियम पाळला नाही. त्यांनी केलेले काम वडिलांच्या पुण्याईत जमा झाले, आणि वडिलांच्या उंचीत जेवढे कमी पडले, ते त्यांच्या नावे बाकी पडले.

हे फक्त थोरामोठ्यांच्या घरीच घडते असे नाही. आपल्या वस्तीतला शाखाप्रमुख, मंडळाचा सचिव, युनियनचा पुढारी यांच्या घरी डोकावून पाहा. रविवार बैठकीत जातो, शाळेच्या पालकसभेला आई एकटीच जाते. पोरीला दहावीला बावन्न टक्के पडले की शेजारी म्हणतात, ‘बाप जगाला शिका म्हणून सांगतो, आणि घरात हे!’ जयंतीला पोराला बळेच व्यासपीठावर चढवतात आणि तो अडखळला की हसतात. त्या लेकराने पुढारीपण मागितले नव्हते. वस्तीसाठी त्याने आपल्या वाट्याचा बाप दिला आहे, हे आपण विसरतो.

उलट्या बाजूचा अन्यायही तितकाच खरा आहे. केवळ अमक्याचा मुलगा म्हणून खुर्ची देणे, तिकीट देणे, त्याच्या चुकांवर पांघरूण घालणे, हाही खोटा हिशेबच. बापाच्या नावावर सूट नको आणि बापाच्या नावावर दंडही नको. जे काम केले, ते त्याचे.

म्हणून कार्यकर्त्या बांधवांना आमचे सांगणे आहे की आठवड्यातली एक संध्याकाळ घरच्या लेकरांची ठेवा. चळवळ तेवढ्याने मागे पडणार नाही. माताभगिनींना सांगणे आहे की कार्यकर्त्याच्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारा, ‘अमक्याचा पोरगा’ म्हणून नको. आणि येत्या १२ डिसेंबरला विहारात बोलायला जो उभा राहील, त्याने भैय्यासाहेबांच्या कामापासून सुरुवात करावी. छापखाना, पत्रे, बौद्ध महासभा, चैत्यभूमी ही जमा त्यांच्याच नावे आहे. ती त्यांच्या खात्यात लिहिण्याचे काम अजून बाकी आहे.

जय भीम!