तैवानने परक्यांकडून काय घेतले

परकीय गुंतवणूक म्हटले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला ईस्ट इंडिया कंपनी परत आल्याचा भास होतो, दुसऱ्याला घराघरावर सोन्याची कौले दिसू लागतात. मी कवितेचा माणूस; मला आकड्यांपेक्षा गोष्ट लवकर कळते. म्हणून तैवानची गोष्ट सांगतो.

या बेटाने १९६६ मध्ये काऊशुंग बंदरात निर्यातीसाठी खास क्षेत्र उघडले. परदेशी कंपन्या आल्या त्या स्वस्त मजुरीसाठी. सुटे भाग बाहेरून यायचे, गावोगावच्या मुली ते जोडायच्या, तयार माल जहाजात चढायचा. पगार मिळे, विद्या फारशी मिळत नसे.

मग सरकारने वेगळा सौदा केला. १९७३ मध्ये 'इट्री' ही औद्योगिक संशोधन संस्था काढली आणि १९७६ मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीकडून चिप बनवण्याचे तंत्र पैसे मोजून घेतले. नुसते कागद नव्हे, तर आपले तरुण इंजिनिअर त्यांनी अमेरिकेत शिकायला धाडले. सतार काय किंवा चिप काय, उस्तादाचा हात जवळून पाहावा लागतो! शिकलेली ही मंडळी परतली आणि त्यांच्यातूनच पुढचे कारखाने उभे राहिले.

१९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी 'टीएसएमसी' सुरू केली. जवळपास निम्मे भांडवल सरकारचे, साडेसत्तावीस टक्के हॉलंडच्या फिलिप्सचे. फिलिप्सने पैशाबरोबर तंत्र दिले आणि पेटंटचे संरक्षणही. नव्या कंपनीला त्याचे मोल रोकड्याहून अधिक होते, असे मला वाटते. २००८ पर्यंत फिलिप्सने आपले सगळे शेअर विकले. नफा घेऊन पाहुणा गेला. कंपनी, इंजिनिअर आणि त्यांची विद्या तैवानातच राहिली. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिप मुख्यत्वे तिथेच बनतात.

पण याच गोष्टीला दुसरे पान आहे. ज्या आरसीएने विद्या दिली, तिचाच एक कारखाना ताओयुआन इथे १९९२ पर्यंत चालला. तिथली विषारी द्रावणे जमिनीत मुरली, भूजल नासले. कारखाना बंद झाल्यावर हे उघडकीस आले. तोवर कित्येक कामगारांना कर्करोगाने गाठले होते, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. त्या कोर्टात गेल्या. त्यांच्यापैकी काहींच्या भरपाईवर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०१८ साल उजाडले.