ताप आला म्हणून औषध सुटत नाही

‘उष्णता मिळाली की कॅन्सरचं औषध सोडणारे नॅनोकण’ म्हटलं की गाठीचा पत्ता हुडकत निघालेला कण डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात शिरेतून सोडलेले कण रक्ताबरोबर अंगभर फिरतात. निरनिराळ्या नॅनोकणांवर झालेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी जेमतेम ०.७ टक्का गाठीत पोचल्याचं दिसलं.

उष्णतेची युक्ती इथेच कामाला येते. कण गाठीत शिरायची वाट बघायचीच नाही. गाठ तापवायची आणि तिथल्या रक्तवाहिनीतून कण जाताजाताच त्याला फोडायचं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या थर्मोडॉक्सची रचना अशीच आहे. सुमारे १०० नॅनोमीटरची स्निग्ध पदार्थाची पिशवी, आत डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध. ४० अंश सेल्सिअसच्या वर तिचा पापुद्रा सैलावतो आणि काही सेकंदांत बरंचसं औषध बाहेर पडतं.

मग साधा ताप चढला किंवा शेकायची पिशवी ठेवली तर? नेहमीचा ताप बहुधा त्याखालीच असतो, आणि पिशवीची ऊब कातडीखाली फार खोल जातच नाही. यकृतातली गाठ तापवायला आत सुई घालून रेडिओलहरी द्याव्या लागतात, नाहीतर बाहेरून केंद्रित अल्ट्रासाउंड. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलं आहे: कण जमला, तापवणं जमेना.

यकृताच्या कॅन्सरच्या ७०१ रुग्णांवरच्या ‘हीट’ चाचणीत सुईने गाठ जाळण्याला थर्मोडॉक्सची जोड दिली होती. सुईजवळचा भाग उष्णतेनेच मरतो. औषध हवं होतं ते भोवतालच्या कोमट कडेसाठी. २०१३ च्या सुरुवातीला निकाल आला, फायदा दिसला नाही. मागाहून आकडे चाळताना ज्यांची गाठ ४५ मिनिटं किंवा जास्त तापवली होती, त्यांचं बरं चाललेलं वाटलं. त्या धाग्यावर ‘ऑप्टिमा’ ही ५५६ रुग्णांची नवी चाचणी झाली. २०२० मध्ये तीही निष्फळ ठरत असल्याचं देखरेख समितीने सांगितलं. निकाल लागल्यावर आकड्यांत सापडलेल्या आशेवर किती विसंबावं, ते यातून दिसतं.

तत्त्वच खोटं, असा मात्र अर्थ नाही. ऑक्सफर्डला दहा रुग्णांच्या यकृतातल्या गाठी अल्ट्रासाउंडने तापवल्यावर गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट वाढलं. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. गाठीत औषध वाढणं आणि रुग्ण जास्त जगणं या दोन वेगळ्या गोष्टी.

दुष्परिणाम टळतात, हेही खरं नाही. पांढऱ्या पेशी घटणं आणि केस गळणं थर्मोडॉक्सच्या चाचण्यांतही होतंच.

आपल्याकडे रुग्णालयाच्या बिलावर ‘लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन’ दिसलं की हेच ते, असं समजू नका. सन फार्माचं लिपोडॉक्स किंवा १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डॉक्सिल हे वेगळ्या घडणीचं औषध. त्याची पिशवी शक्य तितकी टिकावी अशीच बांधलेली असते. त्यासाठी गाठ तापवत नाहीत.